चमच्याची जाडी

बेल वाजली तेव्हा माझे वडील, अण्णा, हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरून जाडी मोजायचं व्हर्नियर पुसत बसले होते. वर्षातून दोन-तीनदा त्यांचं हे चालतं. कपाटातली निळी रेक्झिनची पेटी काढायची, जुन्या बनियनच्या तुकड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घ्यायचे आणि स्टीलच्या पट्टीवरून ते कापड सावकाश फिरवायचं. तेवढा वेळ घरात सगळे आपोआप हळू बोलतात. मी दार उघडलं. मुलीनं बूट मागवले होते, ते घेऊन एक पोरगा उभा होता. बावीस-तेवीसचा असेल. हेल्मेट डोक्यावरच, गळ्याशी रुमाल, टी-शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. ओटीपी बघायला मी आत फोन आणायला गेले. येऊन बघते तर हा उंबऱ्याच्या आत वाकलेला आणि अण्णांना सांगतोय, "आजोबा, त्याचा लॉकस्क्रू ढिला झालाय. सरकतंय बघा."

अण्णांना उजव्या कानानं ऐकू येत नाही, पण हे ऐकू आलं. काही न बोलता त्यांनी व्हर्नियर त्याच्यापुढे धरलं. पोरानं आधी दोन्ही हात पँटला पुसले आणि मग ते घेतलं. शेजारी चहाच्या बशीत चमचा होता. तो उचलून त्यानं दांड्याची जाडी घेतली. अंगठ्यानं चाक अगदी हलकं पुढे सरकवलं, एक डोळा बारीक केला, खिडकीकडे वळून पट्टी उजेडात धरली. "एक पॉइंट शहाऐंशी."

"टर्नर?" अण्णांनी विचारलं.

"टर्नर. परांड्याचं आयटीआय."

"मग हे काय?" अण्णांनी बुटांच्या खोक्याकडे बोट केलं. तो हसला. "चाकणला होतो की अकरा महिने. ट्रेनी म्हणून. मग ब्रेक दिला, घरी बसवलं. मग दुसऱ्या कंपनीत सात महिने, तिथं पण ब्रेक." एवढ्यात त्याचा फोन टुणटुणला. "पुढची लागली, आजोबा." चमचा बशीत, व्हर्नियर दोन्ही हातांनी अण्णांच्या हातात, आणि तो लिफ्टकडे पळाला. ओटीपी घ्यायचाच राहिला होता. जिन्यानं धापा टाकत परत आला, चार आकडे घेतले आणि गेला. सगळं मिळून पाच मिनिटंही नसतील.

दार लावून वळले तर अण्णा तोच चमचा पुन्हा मोजत होते. दोनदा मोजला. मग म्हणाले, "चुकलं त्याचं." एवढंच. त्या दिवशी पुढे ते त्यावर काही बोलले नाहीत.

मला मात्र त्या पोराचं हात पुसणं सोडेना. इतकी पार्सलं देताना कुठे कोण हात पुसतं? ते हात कुणीतरी लावलेल्या सवयीनं पुसले गेले होते. दोन वर्षं एका तालुक्याच्या गावातल्या शेडमध्ये, लेथसमोर उभं राहून अंगात मुरलेली ती सवय. देशानं त्याला शिकवण्यावर खर्च केला, त्याच्या आईबापांनी एसटीच्या पासावर खर्च केला, आणि ते शिकलेलं सगळं पाच मिनिटांपुरतं आमच्या हॉलमध्ये एका चमच्यावर वापरलं गेलं.

अण्णा पिंपरीत आले ते बहात्तरच्या दुष्काळामुळे. खटाव तालुक्यातलं गाव, सात एकर कोरडवाहू, आणि सलग पाऊस नाही. अठरा वर्षांचे अण्णा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. सुकडीची आणि तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीची चव ते अजून सांगतात. सांगताना तोंड वाकडं करत नाहीत, चव सांगतात. त्यांचे मामा तेव्हा पिंपरीत होते. इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स चौपन्न साली आली, मग बासष्टमध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंपन्या उभ्या राहत गेल्या. मामांनी पोराला उचलून आणलं, औंधच्या आयटीआयला घातलं. टर्नरची दोन वर्षं, मग अप्रेंटिस, मग टेंपररी, आणि एकोणऐंशी साली पर्मनंटचं पत्र. ते पत्र देवघरात, तसबिरीच्या मागे ठेवलेलं असायचं. लहानपणी मला वाटायचं की तोही एक देव आहे.

त्या एका कागदावर किती माणसं उभी राहिली ते मी मोठी झाल्यावर मोजलं. दोन आत्यांची लग्नं, कामगारांच्या पतपेढीतून काढलेल्या कर्जावर चिंचवडमधल्या दोन खोल्या, गावाकडची विहीर, धाकट्या काकांचं शिक्षण, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली स्कूटर, माझी इंजिनिअरिंगची फी. अण्णा मॅट्रिक नापास होते. पुन्हा बसून पास झाले ते आयटीआयसाठी. अशा माणसाला आयुष्य एका पायरीनं वर चढवेल अशी त्या काळात एकच जागा होती, आणि तिला आम्ही सगळे फक्त 'कंपनी' म्हणायचो. नाव घ्यायची गरज पडायची नाही.

पावणेसातला पहिला भोंगा व्हायचा, सातला दुसरा. आईचा कुकर पहिल्या भोंग्याच्या आत उतरलेला असायचा. सेकंड शिफ्ट असली की रात्री साडेअकराला अण्णांच्या सायकलचं स्टँड वाजायचं आणि त्यांच्याबरोबर तो वास घरात यायचा: कुलंटचा, म्हणजे लेथवर जॉब थंड ठेवणाऱ्या तेलपाण्याचा, आंबूस, थोडासा गोडसर वास. साबणानं तो जात नसे. कंपनीत ते हात लाकडाच्या भुशानं चोळून यायचे, तरी नखांच्या कडांना काळी रेघ राहायचीच. भाताचा पहिला घास ते कालवायचे तेव्हा मी त्या रेघेकडे बघत बसायचे.

खंडेनवमीला आम्हा मुलांना आत जायला मिळायचं. वर्षातला तो एकच दिवस. शॉपफ्लोअर धुऊन काढलेला, यंत्रं पुसून लख्ख, प्रत्येक लेथच्या चकला झेंडूची माळ आणि बेडवर हळदीकुंकवाची बोटं. यंत्रं बंद असल्यामुळे तिथे एक वेगळीच शांतता असायची, सुट्टीतल्या शाळेसारखी. अण्णा आपल्या लेथजवळ उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पेढा द्यायचे. एका वर्षी त्यांनी मला खिशातून लोखंडाचा एक लांब कीस काढून दिला. निळसर जांभळा, स्प्रिंगसारखा वळलेला, कडेला धारदार. "एकसलग आलाय बघ, कुठं तुटला नाही," म्हणाले. तो मी कंपासपेटीत ठेवला होता. पावसाळ्यात गंजला.

पण गंज नव्हता तिथेही सगळं चांगलं नव्हतं. अण्णांचा उजवा कान त्याच शॉपनं नेला. शेजारच्या खोलीतले काका प्रेसवर होते, त्यांची दोन बोटं एका नाईट शिफ्टला गेली. त्या सकाळी काकूंचा आवाज चाळभर ऐकू येत होता, आणि अण्णा अंगणात नुसते उभे होते, डबा हातात धरून. पुढे काकांना स्टोअरमध्ये घेतलं, पगार चालू राहिला. त्याबद्दल चाळीनं कंपनीला चांगलं म्हटलं. बोटांबद्दल कुणी काही म्हटलं नाही. त्या दिवसांची आठवण मी गोड करून सांगितली तर ती त्या दोन बोटांशी बेइमानी होईल.

आमच्या घरात 'टक्का' हा शब्द बोनसबरोबर आला. दिवाळीआधी सगळ्या चाळीत एकच चर्चा असायची, यंदा किती टक्के? कायद्यानं कमीत कमी ८.३३, जास्तीत जास्त २०. मला बाराचा पाढा नीट पाठ व्हायच्या आधी हे माहीत होतं की ८.३३ म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, म्हणजे एका महिन्याचा पगार. ज्या वर्षी टक्का वाढायचा त्या वर्षी फराळात अनारसे असायचे. टक्क्याला अशी चव असते हे मी तेव्हा शिकले.

त्यामुळे असेल कदाचित, देशाच्या टक्क्यांची बातमी आली की मी ती वाचल्याशिवाय पान उलटत नाही. आपल्या एकूण उत्पन्नात कारखानदारीचा वाटा गेली तीसेक वर्षं पंधरा-सतरा टक्क्यांच्या आसपास घुटमळतोय. २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणात ठरलं होतं की दहा वर्षांत तो २५ टक्क्यांवर न्यायचा आणि दहा कोटी नोकऱ्या उभ्या करायच्या. २०१४ मध्ये 'मेक इन इंडिया' आलं, तेव्हा पुन्हा तेच पंचवीस. २०२० पासून उत्पादनावर आधारित प्रोत्साहनाची योजना आली, चौदा क्षेत्रांसाठी जवळजवळ दोन लाख कोटींची. मोबाइल फोन खरोखरच इथे जुळायला लागले, परदेशी जायला लागले. तरी तो आकडा आपल्या जागेवरून फारसा हलला नाही. चीनमध्ये हाच वाटा पंचवीसच्या आसपास आहे, कोरियातही.

आणि नोकऱ्यांचं गणित त्याहून अवघड. देशात काम करणाऱ्या शंभर माणसांत कारखानदारीत अकरा-बारा. त्यातलेही पुष्कळसे घरगुती, नोंदणी नसलेल्या शेडमध्ये. शेतीत २०२३-२४ मध्ये सेहेचाळीस. हा शेतीचा आकडा २०१८-१९ मध्ये ४२.५ पर्यंत उतरला होता. मग टाळेबंदी आली आणि दोन वर्षांत तो ४६.५ वर गेला. बहात्तर साली ज्या वाटेनं अण्णा शेतातून शहराकडे आले, त्याच वाटेनं २०२० मध्ये माणसं उलटी चालत गेली, पोती आणि पोरं डोक्या-खांद्यावर घेऊन. आमच्या बाल्कनीतून महामार्ग दिसतो. अण्णा त्या दिवसांत सकाळी तिथे खुर्ची टाकून बसायचे आणि कुणी हाक मारली तरी आत येत नसत. त्यांना काय दिसत होतं ते मी विचारलं नाही.

डॅनी रॉड्रिक नावाच्या अर्थशास्त्रज्ञांनी दहाएक वर्षांपूर्वी हे आकड्यांनिशी मांडलं होतं. आधी निघालेले देश कारखान्यांवर श्रीमंत झाले, आणि मग त्यांचे कामगार हळूहळू दुकानांत, बँकांत, दवाखान्यांत गेले. उशिरा निघालेल्या देशांत मात्र कारखान्यांचा बहर लवकर आणि खालीच संपतो, माणसं अजून गरीब असतानाच. मी हे एकदा अण्णांना समजावून सांगायला गेले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे कणीस भरायच्या आधीच ताट वाळलं." त्याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

पण अण्णांचा लेथ का गेला हे त्यांना कुणी समजवायची गरज नव्हती. १९९६-९७ च्या सुमारास शॉपमध्ये पहिली सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी, मशीनं आली. अण्णा ज्या शाफ्टला पाऊण तास घ्यायचे तो सात-आठ मिनिटांत निघायला लागला, आणि शंभरावा पहिल्यासारखाच निघायचा. या गोष्टीचा त्यांना राग आला नाही. घरी येऊन कौतुकानंच सांगायचे, "काय फिनिश देतंय ते!" कारागीर माणूस चांगल्या कामाला वाईट म्हणू शकत नाही, ते काम त्याच्या पोटावर आलं तरी. पूर्वी कौशल्य बोटांत होतं, ते आता प्रोग्रॅममध्ये गेलं. एक इंजिनिअर प्रोग्रॅम लिहिणार, एक सेटर टूल लावणार, आणि पोरं जॉब लावून बटण दाबणार, जॉब काढणार, दुसरा लावणार. एका पोराकडे दोन-दोन, तीन-तीन मशीनं. माल वाढत गेला, हात कमी होत गेले. देशाच्या उत्पन्नातला कारखान्यांचा टक्का आणि कारखान्यांतली माणसं यांची ताटातूट आमच्या घरानं अशी पाहिली.

गिरणगावाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, आणि ते लिहिलं जायलाच हवं होतं. त्या दुःखाला एक तारीख आहे, १८ जानेवारी १९८२. त्या दिवशी अडीच लाख माणसं संपावर गेली आणि त्यांच्यापैकी कितीतरी पुन्हा कधी सांच्यावर उभी राहिली नाहीत. आमच्याकडे तशी तारीख नाही. आमच्याकडे नोटीस बोर्डावर व्हीआरएसचा, स्वेच्छानिवृत्तीचा, कागद लागला. संप नाही, मोर्चा नाही. २००३ साली एकोणपन्नासाव्या वर्षी अण्णांनी सही केली. त्या दिवशी ते जिलेबी घेऊन घरी आले, कारण रक्कम मोठी होती. आईनं जिलेबी वाटली. रात्री अण्णा अंगणात बसून विड्यांमागून विड्या ओढत होते, त्यांनी सोडलेल्या.

नंतर पाच-सहा वर्षं ते भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये सेटर म्हणून जात होते. पगार जुन्या पगाराच्या निम्मा. तिथे गावाकडून आलेली पोरं असायची, लातूर, बीड, धाराशिवची, आणि पुढे पुढे बिहार, ओडिशाची. अण्णा त्यांना शिकवायचे. घरी आले की त्यांच्याबद्दलच बोलायचे: अमक्याचा हात चांगला आहे, तमका घाई करतो. आणि महिन्या-दोन महिन्यांनी चिडून सांगायचे, "ज्याला शिकवलं त्याला ब्रेक दिला. आता नवा आणलाय. परत पहिल्यापासनं." वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कामगाराला कायद्यानं सलग नोकरीचे हक्क लागू व्हायला लागतात, म्हणून त्याच्या आतच घरी पाठवायचं. तो हिशोब भोसरी-चाकणच्या कुठल्याही पोराला तोंडपाठ आहे. माझ्या ८.३३ सारखा. आमच्या पिढीच्या कामगारांच्या मुलांनी बोनसचा टक्का पाठ केला, आताची पोरं ब्रेकचा महिना पाठ करतात.

सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत २००० सालाच्या सुमारास नोंदणीकृत कारखान्यांतल्या पाच कामगारांत एक कंत्राटी होता. आता पाचांत दोन आहेत. उत्पन्नातला टक्का जागच्या जागी राहिला तरी त्या टक्क्याच्या आतलं आयुष्य असं बदललं. मला हेच सांगायचं आहे, आणि मला ते नीट सांगता येत नाही. पंधराचे पंचवीस झाले आणि त्यातल्या माणसाला दर सात-अकरा महिन्यांनी गाठोडं बांधावं लागलं, तर त्या पंचवीसमधून कुणाच्या आत्याचं लग्न होणार आहे, कुणाची विहीर खणली जाणार आहे? कारखान्यानं माणसाला घडवायला वेळ लागतो. अण्णांचा हात बसायला सहा-सात वर्षं गेली असं ते स्वतः सांगतात. अकरा महिन्यांत बटण दाबता येतं. त्यापुढचं शिकवायला कुणी थांबत नाही आणि शिकायला कुणाला थांबू देत नाहीत.

आणि तरीही मी कुणाकडे बोट दाखवून मोकळी होऊ शकत नाही. मी हिंजवडीच्या आयटी पार्कात काम करते. माझ्या चाळीतल्या आमच्या वयाच्या पंचवीस-तीस मुलांपैकी एकही शॉपफ्लोअरवर गेला नाही. कुणाच्याच बापाला ते नको होतं. "हात काळे करायची वेळ येऊ देऊ नको," हे वाक्य मी अण्णांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की त्यांचा आवाज आठवायचा म्हटलं की आधी तेच कानात येतं. ज्या कामाचा त्यांना एवढा अभिमान होता, ज्याची खंडेनवमीला पूजा व्हायची, ते काम पोटच्या पोरांसाठी मात्र नको. या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात शेजारी शेजारी राहिल्या, आणि मी त्यांच्या शहाणपणाचं फळ खाऊन मोठी झाले. आपल्या सगळ्या देशानंच बहुधा असं केलं. शेतातून निघालो आणि कारखान्याची पायरी एका पिढीत ओलांडून थेट संगणकासमोर जाऊन बसलो. ज्यांना बसता आलं ते बसले. परांड्याच्या त्या पोरासाठी मधली पायरी हवी होती, आणि तिच्यावर आता कुणाला फार वेळ उभं राहू देत नाहीत.

मुलगी असल्यामुळे आणखी एक गोष्ट मला खुपते. अण्णांच्या शॉपमध्ये बायकांसाठी संडासच नव्हता, कारण तिथे बाई कधी येईल असं तो बांधणाऱ्याच्या मनातही आलं नाही. आज देशातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त एकट्या तमिळनाडूत आहेत. आपल्याकडे महाराष्ट्रात एवढी जुनी कारखानदारी असून आपण हे करू शकलो नाही. माझी आई शिवणकाम करायची. तिची शिवण अण्णांच्या टर्निंगइतकीच सरळ यायची. तिला पर्मनंटचं पत्र कधी आलं नाही.

आम्ही आता राहतो ती सोसायटी एका बंद कंपनीच्या जागेवर आहे. अण्णांच्या नव्हे, दुसऱ्या एका. कंपाउंडलगतचे गुलमोहर तेव्हाचे आहेत. जोराचा पाऊस झाला की बागेतली माती एका कोपऱ्यात तांबूस होते आणि मुलांना कधी वॉशर सापडतो, कधी अर्धा बोल्ट. ती ते खिशात घालून घरी आणतात आणि आया ते फेकून देतात. माझी मुलगी लहान होती तेव्हा असाच एक नट घेऊन अण्णांकडे गेली. त्यांनी बोटांत फिरवून साइज सांगितला, मग पेटी काढून मोजून दाखवला. बरोबर होता. रस्त्यापलीकडे, आकुर्डीत, बजाजच्या कारखान्यात २००७ साली गाड्या बनणं थांबलं तेव्हा अण्णांनी ती बातमी दोनदा वाचली होती. २०२२ मध्ये तिथेच विजेवरची चेतक बनायला सुरुवात झाली, तीही त्यांनी दोनदा वाचली. "परत येतंय," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "माणसं किती लागत असतील?"

त्या पोराला मी मनातल्या मनात बिचारा करून टाकला होता. दोन-तीन दिवसांनी मला त्याची लाज वाटली. तो हसत होता. त्याच्याकडे स्वतःची गाडी होती. एका जागी बारा तास उभं राहून, सुपरवायझरच्या नजरेखाली, ब्रेकची तारीख मोजत राहण्यापेक्षा त्याला रस्ता मोकळा वाटत असेल, आणि हातात पैसेही कदाचित जास्त पडत असतील. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पण पन्नाशीत त्याच्या देवघरात कुठला कागद असेल? एवढी वर्षं ही गाडी चालवून त्याच्या बोटांना नवं काय येईल? अण्णांनी पंचविशीत जे केलं त्यापेक्षा पस्तिशीत चांगलं केलं आणि पंचेचाळिशीत त्याहून चांगलं. कामातच माणूस वाढत जातो, ही गोष्ट त्यांना पगारापेक्षाही मोठी वाटायची. ती त्यांनी मला कधी शब्दांत सांगितली नाही. तो निळा कीस दिला.

शेवटी चौथ्या दिवशी जेवताना मी विचारलं, "अण्णा, चुकलं म्हणालात, ते काय चुकलं त्याचं?"

त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि पेटी आणायला लावली. व्हर्नियर पूर्ण मिटून माझ्यापुढे धरलं. मिटलं तरी वरचं शून्य आणि खालचं शून्य समोरासमोर येत नव्हतं, केसभर पुढे होतं. चिंचवडच्या खोल्या सोडून इथे यायच्या वेळी पेटी टेंपोतून पडली होती. जबड्याच्या कडेला तेव्हा बारीक ठेच लागली, तिथं धातू उचलला गेला. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतं. तेव्हापासून ते पॉइंट शून्य चार जास्त दाखवतं. चमचा एक पॉइंट ब्याऐंशीच आहे.

"हात चांगला आहे त्याचा. दाब बरोबर दिला, वाचलंपण बरोबर. पण आधी शून्य बघितलं नाही." बोलता बोलता ते चाक मागंपुढं करत होते. "हे पहिल्या महिन्यात सांगायचं असतं. हातात दुसऱ्याचं हत्यार आलं की पहिल्यांदा मिटून बघ. एवढं सांगायला कुणी उभं राहिलं नाही त्याच्याजवळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते चष्मा लावून लिहीत होते. माझ्या मुलीच्या वहीचा कागद, तिचाच बॉलपेन. त्यांचं अक्षर आता थरथरतं, म्हणून प्रत्येक आकडा सुटा काढला होता. लॉकस्क्रू त्यांनी घट्ट केला होता. चिठ्ठीला मागून डिंक लावला, पेटीच्या झाकणाला आतल्या बाजूनं ती चिकटवली आणि वाळेपर्यंत अंगठ्यानं दाबून धरली. मी वाकून वाचलं.

शून्य + ०.०४. वजा करणे.